ब्यूकासलचा बिनडोक्याचा क्रूस

घाटमाथा

बाबा सध्या आमच्याकडे इंग्लंडात न्यूकासलला आलेत. गेल्या शनिवारी त्यांना रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत दाखवायला घेऊन गेलो. भिंत झाली, बर्डोस्वाल्डचा रोमन किल्ला झाला, डबा खाऊन झाला, तरी ऊन हलायला तयार नाही. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो. नकाशात उत्तरेला दहा-एक किलोमीटरवर ब्यूकासल नावाचा ठिपका दिसला. म्हटलं, चला.

रस्ता एका गाडीपुरता. समोरून ट्रॅक्टर आला की मागे जायचं. गाव म्हणावं तर एक चर्च, किल्ल्याची एक पडकी भिंत, गुरं, दोन-चार घरं आणि वारा. चर्च सेंट कथबर्टचं. त्याच्या अंगणात, थडग्यांच्या मध्ये, हा खांब उभा आहे.

खांब म्हणजे क्रुसाचा उरलेला भाग. सगळा एका दगडातला, पिवळट वालुकाश्म, उंची साधारण ४.४ मीटर, चौकोनी आणि वर निमुळता होत गेलेला. काळ सातव्या शतकाची अखेर ते आठव्या शतकाचा पूर्वार्ध. म्हणजे आपल्याकडे बदामीचे चालुक्य राज्य करत होते तेव्हाचा. पश्चिमेच्या बाजूला एकाखाली एक तीन माणसं कोरलीत. वर कोकरू हातात घेतलेला बाप्तिस्मा करणारा योहान, मध्ये दोन जनावरांवर उभा ख्रिस्त, आणि सर्वांत खाली एक माणूस, त्याच्याजवळ अड्ड्यावर बसलेला शिकारी पक्षी. पूर्वेच्या बाजूला तळापासून शेंड्यापर्यंत एकच द्राक्षवेल वळसे घेत चढते, आणि प्रत्येक वळशात एक पाखरू किंवा जनावर बसून द्राक्षं खातंय. मी तिथेच सर्वांत जास्त वेळ उभा होतो. एका पाखराची चोच घडात रुतलेली आहे, ती तेराशे वर्षांच्या पावसानंतरही कळते. उत्तरेला विणीची नक्षी आणि बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा एक लांब पट्टा. दक्षिणेला पुन्हा वेल, विणी, आणि बरंच वर एक सूर्यघडी.

बाबांनी चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यांनी खांबाला एक प्रदक्षिणा घातली, चष्मा वर करून शेंड्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्याचं डोकं कुठंय?"

मला माहीत नव्हतं. इथे कुणाला माहीत आहे का? फोटो जोडतोय.

निवडुंग

फोटो दिसत नाहीत. नुसत्या चौकटी दिसतायत.

घाटमाथा

आता बघा. परवानगी द्यायची राहिली होती.

निवडुंग

दिसले. द्राक्षवेलीचा अप्रतिम आहे. पण अंगठा कुणाचा आलाय त्यात?

घाटमाथा

बाबांचा. ते "हे बघ, हे बघ" करत होते.

पाटीपेन्सिल

घाटमाथा, तुमच्या बाबांनी नेमका मुद्दा धरला. डोक्याचं काय झालं ते थोडंफार माहीत आहे, आणि गोष्ट मोठी गमतीची आहे.

इंग्लंडात क्रूस मोडलेले दिसले की सगळे कट्टर प्युरिटन (मूर्ती-क्रूस न मानणारे प्रोटेस्टंट) लोकांकडे बोट दाखवतात. ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. १६४३ आणि १६४४ साली पार्लमेंटने दोन हुकूम काढले, की अंधश्रद्धेची म्हणून जी स्मारकं आहेत ती पाडून टाका, त्यात क्रूसही आले. म्हणून तर असंख्य गावांतल्या चर्चच्या अंगणात नुसत्या पायऱ्या आणि त्यावर खांबाचा थोटका बुंधा दिसतो. पण ते क्रूस बहुतांश १४व्या-१५व्या शतकातले. पायऱ्यांचा चौथरा, खाच असलेला दगड, त्यात बसवलेला अष्टकोनी खांब. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या) मिरवणूक त्या क्रुसापाशी थांबायची. नंतर कित्येक ठिकाणी उरलेल्या थोटक्यावर लोकांनी सूर्यघडी बसवून टाकली.

ब्यूकासलचं डोकं त्याआधीच गेलं, आणि ते द्वेषापायी गेलं नाही, प्रेमापायी गेलं. जवळच नावर्थचा किल्ला आहे. तिथला लॉर्ड विल्यम हॉवर्ड स्वतः कॅथलिक, जुन्या वस्तूंचा वेडा, भिंतीजवळचे रोमन शिलालेख गोळा करणारा. १७व्या शतकाच्या सुरुवातीचं एक टिपण आहे, त्यात लिहिणारा म्हणतो की ब्यूकासलच्या क्रुसाचं डोकं असलेला दगड आज सकाळी मिळाला. लॉर्ड विल्यमकडून तो अरुंडेलच्या उमरावाकडे आला आणि तिथून लंडनमधल्या अभ्यासकांकडे. विल्यम कॅम्डेन, रॉबर्ट कॉटन ही सगळी त्याच वर्तुळातली मंडळी. दगडावर एका ओळीत जी अक्षरं वाचता आली तीही टिपणात उतरवली आहेत. त्या रून लिपीतल्या (उत्तर युरोपातली जुनी लिपी) दोन शब्दांचा अर्थ होतो 'बलाढ्य प्रभूचा'.

त्यानंतर दगडाचा पत्ता नाही. अभ्यासाला नेला आणि हरवला.

रानकवठ

अभ्यासाला नेला आणि हरवला! हे फारच ओळखीचं वाटलं. आमच्या तालुक्यात एका वीरगळाचं असंच झालंय, कुणी नेला ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

एक शंका. हा क्रूस मुळात कशासाठी? वीरगळासारखं कुणा माणसाचं स्मारक, की नुसतं देवाचं? वीरगळावर खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग, त्यावर चंद्रसूर्य, असा क्रम ठरलेला असतो. खालून वर वाचायचं. इथे तसं काही आहे का?

पाटीपेन्सिल

रानकवठ, तुमचा प्रश्न विचारायला सोपा आहे, त्यावर दीडशे वर्षं भांडण चालू आहे.

पश्चिमेच्या बाजूला, ख्रिस्त आणि पक्षीवाला यांच्या मध्ये, नऊ ओळींचा रून लिपीतला लेख आहे. ख्रिस्ताच्या डोक्यावर त्याचं नाव आहे, ते बऱ्यापैकी वाचता येतं, त्यावर वाद नाही. वाद या नऊ ओळींवर. १८५० च्या दशकात तिथले पाद्री जॉन मॉन यांनी शेवाळ काढून, ठसे घेऊन लेख वाचला आणि जाहीर केलं की हे विजयचिन्ह अमक्या तिघांनी राजा अल्कफ्रिथ याच्या स्मरणार्थ उभारलं. अल्कफ्रिथ म्हणजे नॉर्थम्ब्रियाच्या (उत्तर इंग्लंडातलं तेव्हाचं राज्य) ओस्विउ राजाचा मुलगा. ६६४ सालच्या व्हिटबीच्या धर्मसभेच्या सुमारास तो इतिहासातून गडप होतो. त्याची बायको किनेबुर्ग, शेजारच्या मर्सिया राज्याच्या पेंडा राजाची मुलगी. आणि उत्तरेच्या बाजूला एक बाईचं नाव कोरलंय, ते किनेबुर्गसारखंच वाचलं जातं. झालं, सगळ्यांना राजघराण्याची प्रेमकथा सापडली.

पुढे जे रूनतज्ज्ञ आले त्यांनी दगड जवळून बघितला आणि हात जोडले. अक्षरं इतकी झिजली आहेत की मॉनना जे दिसलं ते दगडावर होतं की त्यांच्या मनात, हे सांगणं अवघड. किनेबुर्ग हे नावही त्या काळात एकाच बाईचं नव्हतं. कुणाच्या तरी स्मरणार्थ उभारला असावा, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा असं लिहिलं असावं, इतपत बोलता येतं. माझं मत विचाराल तर मॉन लबाड नव्हते. ज्याला खूप दिवस एकाच दगडासमोर बसायला मिळतं त्याला अक्षरं दिसायला लागतात. आपल्याकडच्या ताम्रपटवाल्यांना विचारा.

ज्यांना नीट वाचता येणारा रून लेख हवाय त्यांनी ह्याच कम्ब्रिया परगण्यातल्या ग्रेट अर्सविकच्या चर्चमध्ये जावं. तिथे एका क्रुसाचा तुकडा आहे. त्यावर टुनविनी नावाच्या माणसाने टोरटरेड नावाच्या माणसासाठी खूण उभारली, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, असं स्पष्ट आहे. आणि खाली, माणसांच्या आकृत्यांवर, कारागिराने बारीक अक्षरात लिहिलंय, 'लिलने हे घडवलं'.

रानकवठ

लिलने हे घडवलं. वा. ह्या एका ओळीसाठी धागा वसूल.

खडूस_काका

तिकडच्या एका मोडक्या खांबावर पाच-पाच परिच्छेद लिहिताय. आपल्याकडे वीरगळ उकिरड्यावर पडलेत, सतीशिळांवर कपडे धुतात, त्यावर कुणी लिहिणार का?

रानकवठ

काका, मी मागच्या वर्षी लिहिलं होतं. तीन प्रतिसाद आले. त्यातला एक तुमचा होता, "फोटो छान".

खडूस_काका

बरं बरं. चालू द्या.

वसईचा_वारा

आम्हा वसईकरांना गावातला क्रूस ही रोजची गोष्ट. आळीच्या तोंडाला क्रूस, तिथे संध्याकाळी बायका-माणसं जमून रोझरी म्हणणार, वर्षातून एकदा रंगरंगोटी, फुलं, मेणबत्त्या, नंतर खाऊ. मुंबईत वांद्र्याच्या गावठाणांत तर १८९६ च्या प्लेगच्या वेळी लोकांनी क्रूस उभारले, ते आजही आहेत. त्यावर हार चढलेला असतो.

घाटमाथा, माझा प्रश्न साधा आहे. ब्यूकासलच्या क्रुसापाशी कुणी फूल ठेवलेलं दिसलं का?

घाटमाथा

नाही. मुद्दाम आठवून पाहिलं. आजूबाजूच्या थडग्यांवर फुलं होती, खांबापाशी काही नाही. चर्चच्या अंगणातच एक लहानशी खोली आहे, तिथे माहितीचे फलक लावलेत. वहीत अभिप्राय लिहायचे. लोक येतात, बघतात, फोटो काढतात, जातात. पूजेतला दगड आणि पाहण्यातला दगड यात जो फरक असतो तो आहे. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नाही. शेंदूर असता तर ते पाखरू दिसलं नसतं.

वसईचा_वारा

आमच्या क्रुसावर दरवर्षी ऑइल पेंट चढतो. खाली काय कोरलंय ते देवालाच माहीत. तेव्हा तुमचं म्हणणं मान्य.

उन्हाळी

सूर्यघडीवर कुणी बोलेना म्हणून मी.

ब्रिटनमध्ये टिकून राहिलेल्यांत ही सर्वांत जुनी मानतात. (रोमनांची आपली वेगळी. आणि ही मूळ क्रुसाबरोबरची की नंतर कुणी कोरली, यावर दोन मतं आहेत.) अर्धवर्तुळ, मध्यावर काठीसाठी भोक, काठी गेली. रेघांनी दिवसाचे बारा भाग केलेत, पण त्यातल्या मुख्य रेघा दिवसाचे चार भाग करतात. अँग्लो-सॅक्सन लोक (त्या काळचे इंग्रज) या भागाला 'टाइड' म्हणत. म्हणजे अक्षरशः आपला प्रहर! दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार.

आता गंमत. ब्यूकासल ५५ अंश उत्तरेला. जूनच्या शेवटी तिथला दिवस सव्वासतरा तासांचा, म्हणजे एक प्रहर सव्वाचार तासांपेक्षा मोठा. डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वासात तासांचा, प्रहर दोन तासांहून कमी. प्रार्थनेच्या वेळा ह्या हिशेबाने पाळणाऱ्या साधूंची हिवाळ्यात नुसती धावपळ होत असणार. शिवाय जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाजूवर ऊन यायलाच सकाळ बरीच वर येते. तेव्हा ही घडी काटेकोर नव्हती. दुपार मात्र अचूक सांगायची.

घाटमाथा, तुम्ही तिथे होतात तेव्हा काठी लावून बघितलीत का? घड्याळात एक वाजून अकरा-बारा मिनिटं झाली की तिथे खरी मध्यान्ह. एक तास उन्हाळी वेळेचा, आणि ग्रिनिचच्या पश्चिमेला पावणेतीन अंश असल्याने वर अकरा मिनिटं.

घाटमाथा

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आणि घडी इतकी वर आहे की हात पुरत नाही. पुरला असता तरी तेराशे वर्षांच्या भोकात काडी घालायची माझी छाती झाली नसती. बाबांची झाली असती.

शेवंता_

मी डम्फ्रीसला दोन वर्षं होते, त्यामुळे ह्या क्रुसाच्या जुळ्या भावाबद्दल लिहिते. सॉल्वेच्या खाडीपलीकडे, स्कॉटलंडमध्ये, रुथवेल नावाचं गाव आहे. लिहितात रुथवेल, गाववाले म्हणतात 'रिव्हल'. तिथला क्रूस त्याच काळातला, तशीच द्राक्षवेल, तोच जनावरांवर उभा ख्रिस्त, उंची साडेपाच मीटर. तिथे वेलीच्या कडेने रून लिपीत एक कविता कोरली आहे, तीत क्रुसाचं लाकूड स्वतः बोलतं. मला त्या दिवशी बलाढ्य राजा अंगावर घेऊन उभं राहावं लागलं, मला वाकायची छाती झाली नाही, अशा अर्थाचं. गंमत अशी की तीच कविता लांबलचक रूपात इटलीत व्हेर्चेल्लीच्या हस्तलिखितात १८२२ साली सापडली, आणि दगडावरची तीच आहे हे १८४० च्या दशकात केम्बल नावाच्या इंग्रज अभ्यासकाच्या लक्षात आलं.

ह्या क्रुसावर मात्र हातोडा चालला. १६४० मध्ये स्कॉटिश चर्चच्या सभेने हुकूम काढला आणि १६४२ मध्ये तो पाडला. तुकडे पडून राहिले. पुढे हेन्री डंकन नावाचे पाद्री आले. त्यांनी तुकडे गोळा करून १८२३ मध्ये आपल्या घराच्या बागेत क्रूस पुन्हा उभा केला. आडवा दगड सापडला नाही म्हणून नवा करून घेतला. आणि सगळ्यांत वरचा दगड पाठ पुढे करून बसवला! अजून तसाच आहे, पुढचं मागे, मागचं पुढे.

हेच डंकन बचत बँकेचे जनक. १८१० मध्ये त्यांनी रुथवेलमध्ये गरिबांसाठी बचत बँक काढली, थोड्या पैशांनी खातं उघडायचं, व्याज मिळायचं. आपण जे पासबुक घेऊन उभे राहतो त्या प्रकाराचा उगम त्याच गावात.

१८८७ मध्ये क्रूस चर्चच्या आत नेला. उंची मावेना म्हणून जमिनीत खड्डा करून उभा केलाय. आत गेलं की तो खड्ड्यात उभा असलेला दिसतो आणि आपण कठड्याला टेकून मानेएवढ्या उंचीवरची चित्रं बघतो. पाऊस नाही, वारा नाही. अक्षरं ब्यूकासलपेक्षा कितीतरी चांगली राहिलीत. मग ब्यूकासलचाही आत का नेत नाहीत?

रानकवठ

मी शेवंता_ ताईंच्या बाजूने. वालुकाश्म हा दगडच असा की पाणी पितो, गोठतो, पापुद्रे सुटतात. आणखी दोनशे वर्षांनी पाखरू राहणार नाही.

पाटीपेन्सिल

मी विरुद्ध बाजूने. रुथवेलचा मुळात मोडला होता, त्याची जागाही हलली होती. ब्यूकासलचा खांब जिथे रोवला तिथेच उभा आहे असं मानतात. आणि जागा साधी नाही. चर्च, किल्ला, थडगी, सगळं एका सहाकोनी रोमन तळाच्या आत आहे. हेड्रियनच्या भिंतीच्या उत्तरेला पुढे काढलेली ही चौकी, बर्डोस्वाल्डवरून इथवर रोमनांची सडक यायची. कोसिडियस नावाच्या स्थानिक देवाचं ठाणं. १९३७ मध्ये तळाच्या मुख्य इमारतीत त्या देवाचे दोन चांदीचे पत्रे सापडले, ते कार्लाइलच्या संग्रहालयात आहेत. म्हणजे जुन्या देवाच्या ठाण्यावर, रोमनांच्या पडक्या तळात, नवा धर्म आणून कुणीतरी हा खांब रोवला. सूर्यघडी आहे, ती उन्हाशिवाय काय कामाची? आत नेला तर दगड वाचेल, क्रूस राहणार नाही.

उन्हाळी

सूर्यघडीचं म्हणणं पटलं.

शेवंता_

पाटीपेन्सिल सर, बोलायला छान आहे. पण अक्षरं गेली म्हणून तुम्हीच वर परिच्छेदभर हळहळलात. आज आत नेला असता तर उद्याच्या मॉनला चार अक्षरं जास्त दिसली असती.

पाटीपेन्सिल

हे खरं आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

निवडुंग

वरून छप्पर घालायचं. बाजूने उघडं. लोणावळ्याच्या बस थांब्यासारखं.

शेवंता_

निवडुंग, उठा आणि चहा घ्या.

खडूस_काका

मधल्या काळात त्या भागात दरोडेखोरांचं राज्य होतं ना? सीमेवरचे रीव्हर. गुरं पळवणं हाच धंदा. तिथली एक जुनी थट्टा वाचली होती: ब्यूकासलच्या थडग्यांत बायकाच जास्त, कारण पुरुष सगळे कार्लाइलला फासावर गेले. तेव्हा असल्या गावात खांब उभा राहिला हेच नवल. कुणाला पाडायला वेळच नसेल.

पाटीपेन्सिल

काका, थट्टेत तुम्ही खरं बोललात. आडबाजूला असणं हेच त्याला राखणदार मिळालं. तो किल्लाही रोमन तळाचे दगड उपसून बांधलाय. खांब उपसला नाही हे नशीब.

घाटमाथा, एक राहिलं. डोकं असलेला ब्यूकासल बघायचा असेल तर कार्लाइलच्या दक्षिणेला 'रे' नावाचं खेडं आहे, स्थानिक उच्चार 'रीआ'. सेरा लॉश नावाच्या बाईने तिथलं चर्च स्वतःच्या डोक्याने बांधलं, १८४२ मध्ये पूर्ण झालं. वास्तुशास्त्राचं शिक्षण नाही, घरचा पैसा टाइन नदीकाठच्या अल्कलीच्या कारखान्यातला. त्याआधी, १८३५ च्या सुमारास, आईवडिलांच्या स्मरणार्थ तिने ब्यूकासलच्या क्रुसाची प्रतिकृती उभारली. वरचं डोकं मनाने करून.

घाटमाथा

धागा वर काढतोय.

काल बाबांना घेऊन रीआला जाऊन आलो. परवा त्यांचं विमान आहे, म्हणून घाई केली. लॉशबाईंचं चर्च हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, दगडात कमळं आणि पाइनची बोंडं कोरलीत, सवडीने लिहीन. क्रूस अंगणात आहे. वर डोकं आहे. नेटकं आहे.

बाबांनी पुन्हा प्रदक्षिणा घातली. मग तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मी त्यांना गाडीत मोठ्याने वाचून दाखवले, टिपणाचा भाग दोनदा वाचायला लावला.

"म्हणजे हे डोकं बाईंनी कल्पनेनं केलं."

"हो."

"आणि खरं लंडनला गेलं. कुणी नेलं, कुणाला दिलं, सगळं लिहून ठेवलंय."

"हो."

"त्यात परत पाठवतो असं काही लिहिलंय का?"

म्हटलं नाही, तसं कुठे आलेलं नाही.

"मग मागा की त्यांच्याकडे," म्हणाले, आणि पट्टा लावून घेतला.